आत्याच्या दातांची डबी

तीर्थरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (लिहिण्यापुरताच समज. खरोखर आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरातली ती दोन्ही माणसं सध्या माझ्यावर रागावलेली आहेत.) तुझं पत्र मिळालं. तुझी तब्येत चांगली आहे, वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो, मुलं आपापल्या ठिकाणी सुखात आहेत, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही सगळं ठीक. माझी कंबर जागेवर आहे, म्हणजे दुखायची जागा तीच आहे. ही मजेत आहे. भांडण्याइतका दम अंगात असला की माणसाला दुसऱ्या टॉनिकची गरज पडत नाही, असं तिचं स्वतःचंच म्हणणं आहे. आणि आत्याची तब्येत तर अशी आहे की मागे गल्लीतले डॉक्टर तिला तपासायला आले, ते जाताना जिन्यात थांबून स्वतःची नाडी बघत होते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो की नाही तेवढं सांग" म्हणतोस, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या दोन शब्दांत मावत नाही, म्हणून कागद घेतला.

तर मुद्दा. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला तू गाडी घेऊन येणार आणि आत्याला कायमची तुझ्याकडे नेणार, असं तू लिहिलं आहेस. तिच्यासाठी वेगळी खोली केलीस, खोलीला लागून बाथरूम आहे, खाली-वर करायला लिफ्ट आहे, गॅलरीतून झाडं दिसतात, हेही लिहिलं आहेस. "इतकी वर्षं ती तुझ्याकडे राहिली, आता माझाही काही हक्क आहे की नाही, आणि त्या भुशात बसून तिच्या छातीचं काय होत असेल याचा तू कधी विचार केलास का," हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दादा, हक्क आहेच. आई गेली तेव्हा तिनं आपल्या दोघांना एका ताटात जेवू घालून वाढवलं, त्यात तुझा घास माझ्यापेक्षा लहान नव्हता. भुशाचंही खरं आहे. मी तिची खुर्ची दाराबाहेर वाऱ्याच्या बाजूला मांडतो आणि माझी पाठ वळली की ती खुर्ची उचलून परत माझ्या लाकूड कातायच्या लेथजवळ आणते, पण हे कारण झालं, उत्तर नव्हे. तेव्हा तू तिला नेण्याला माझी ना नाही. हिचीही नाही. अडचण फक्त एक आहे, आणि तीही मुठीत मावेल एवढीच. आत्याचे दात सध्या उपलब्ध नाहीत.

घाबरू नकोस, हरवलेले नाहीत. दात घरातच आहेत, कुठे आहेत ते आम्हाला नेमकं ठाऊक आहे, कानाजवळ धरून हलवले तर त्यांचा आवाजसुद्धा येतो. फक्त बाहेर काढता येत नाहीत. आता हे कसं झालं ते सांगायचं तर सुरुवात शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंपासून करावी लागेल.

आत्या रात्री कवळी काढून पेल्यात पाणी घालून ठेवते, हे तू जाणतोसच. पण कुठल्या पेल्यात आणि कुठे, याचा काही नेम नसतो. जिथे झोप येईल तिथे ती दात काढते आणि हाताशी येईल तो पेला घेते. एका सकाळी मुख्याध्यापिकाबाई शाळेच्या जिन्याच्या कठड्याचे खांब कातून घ्यायला आल्या. ऊन तापलेलं, बाई चालत आलेल्या, आणि पाणी मागून आम्हाला त्रास कशाला द्यायचा म्हणून त्यांनी बाकावरचा भरलेला पेला स्वतःच उचलला. प्यायल्या नाहीत, एवढं आधी सांगून टाकतो. पण पेल्याच्या तळातून कोणीतरी आपल्याकडे बघून हसतंय असं दिसल्यावर माणसाचा जो चेहरा होईल तो बाईंचा झाला. (खांबांची ऑर्डर मात्र त्यांनी जागच्या जागी देऊन टाकली. वर्कशॉपमधून लवकर निघायचा दुसरा मार्ग त्यांना सुचला नसावा.) त्या संध्याकाळी हिनं मला धारेवर धरलं. जगाला डबे देता, मुठी देता, लाटणी देता, खुर्च्यांचे पाय देता, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या दातांना एक डबी देता येत नाही का, असा तिचा सवाल होता. बरोबरच होता, म्हणून मी डबीसाठी लाकूड शोधायला लागलो.

डबी कातणं म्हणजे काय, ते तुला समजावून सांगायला हवं. कारण तू वर्कशॉपवर आलास की दारातूनच "काय चाललंय" विचारतोस आणि मी तोंड उघडायच्या आत शिंकत बाहेर जातोस. माझ्या लेथची मोटर आमच्या कपडे धुवायच्या यंत्राची आहे, पट्टा पिठाच्या गिरणीतला, आणि बैठक एका लोखंडी पलंगाची. (पलंग चांगला होता, असं ही अजून म्हणते.) मोटर काढून घेतल्यापासून ही कपडे मी कातून दिलेल्या धोपटण्यानं धुते. म्हणजे आमच्या घरात कपड्यांचं यंत्र लाकूड फिरवतं आणि लाकूड कपडे धुतं, कुणाचंच काही वाया गेलेलं नाही, असं मी तिला पटवायचा प्रयत्न करतो. हत्यारंही सगळी घरचीच. विकतची पटाशी आणली तर पहिल्या दिवशी ती आपल्याला ओळखत नाही आणि दुसऱ्या दिवशी लाकडातल्या गाठीवर आपटून रुसून बसते. माझी मोठी गोल पटाशी एका ट्रकच्या कमानपाट्याची आहे, रेघा मारायचं हत्यार झिजलेल्या कानशीचं, आणि डबी आतून पोखरायला जो पुढून वाकडा आकडा लागतो तो एका स्क्रूड्रायव्हरचा. वाकला म्हणून शेजारच्या गॅरेजवाल्यानं तो फेकून दिला होता, आणि वाकलेला होता म्हणूनच मला तो हवा होता. घासून, तापवून, पाण्यात बुडवून त्याला अशी धार आणली की गॅरेजवाला आता तो परत मागतो.

लाकूड समोरच्या शिंप्याच्या अंगणातलं. वाऱ्यानं त्याच्या झाडाची एक जाड फांदी मोडली आणि ती त्यानं मला दिली, "याचं काहीतरी चांगलं कर" म्हणाला. लाकूड वाळायला बोटभर जाडीला वर्ष लागतं, हे प्रत्येक कातारी आपल्या हाताखालच्याला सांगतो आणि स्वतः कधी तेवढा थांबत नाही. मीही थांबलो नाही. फांदी आतून फिकट पिवळी निघाली, रेषा इतक्या बारीक आणि सरळ की हत्यार लावलं की लांबच लांब कीस सुटून माझ्या मनगटावर गुंडाळला जायचा. आत्या शेजारी बसलेली होतीच. तिला दिसतं कमी, पण ऐकू इतकं येतं की पटाशीची धार गेली आहे हे माझ्या हाताला कळायच्या आधी तिच्या कानाला कळतं. "अरे, हत्यार रडतंय, घासून आण," एवढंच म्हणते. मी नाही म्हणतो, आणखी थोडं रेटतो, लाकूड फाटतं, आणि मग घासून आणतो. हे आमचं रोजचं आहे.

आता झाकण. चांगल्या झाकणाची खूण अशी की नुसतं झाकण धरून उचललं तर डबी त्याला लटकून राहावी, आणि ओढलं तर आत कोंडलेली हवा सुटून "पुक" असा आवाज व्हावा. आयुष्यात मी इतकी झाकणं केली, पण निम्मी आपणहून पडतात आणि निम्मी घासून घासून सैल करावी लागतात. या डबीचं झाकण पहिल्याच फटक्याला बसलं. पुक. मी ते पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. हिला बोलावलं. गॅरेजवाल्याला बोलावलं. शिंप्याला हातातलं माप टाकून यायला लावलं आणि त्याच्या फांदीचा आवाज त्याला ऐकवला. (ही म्हणाली, ऐकला, पहिल्यांदाच ऐकला, आता जेवायला चला.) आत्यानं डबी हातात घेतली, सगळीकडून बोटं फिरवली, हुंगली आणि फर्मान काढलं की आतून पॉलिश लावायचं नाही, दातांना वास लागेल. म्हणून आतलं लाकूड कोरंच ठेवलं. एखाद्या शहाण्या माणसानं इथे झाकण जरासं सैल केलं असतं. पण मी त्या "पुक"च्या पुरता आहारी गेलो होतो.

रात्री आत्यानं दात डबीत ठेवले. आयुष्यभर ते पाण्यात झोपलेले, एकदम कोरडे कसे ठेवायचे, म्हणून तिनं वर चमचाभर पाणी घातलं. मग झाकण दाबलं आणि झोपली. लाकूड ओलं झालं की फुगतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. सकाळी डबी एकसंध लाकडाचा गोळा होऊन बसली होती. झाकण कुठे संपतं आणि डबी कुठे सुरू होते ते नखाला लागेना. इतका बेमालूम सांधा मी पुन्हा जन्मात करू शकणार नाही, आणि खरं सांगू का, पहिली काही मिनिटं मी नुसता त्याच्याकडे कौतुकानं बघत होतो. मग आत्यानं हात पुढे केला आणि मला परिस्थितीचं भान आलं.

यानंतर जे मदतीला आले त्यांचं भलं होवो. गॅरेजवाल्यानं चाकातली बेअरिंग ओढून काढायचा तीन पायांचा पुलर आणला. पुलरचा एक पाय वाकला, झाकण हललं नाही. (तो पाय मी ठेवून घेतला आहे. पोलाद उत्तम आहे, त्याचा आणखी एक आकडा होईल.) नळ दुरुस्त करणाऱ्यानं पाना लावून पिळलं, त्यामुळे डबीच्या अंगावर पान्याच्या दातांच्या खुणा उठल्या. म्हणजे दात आतही आणि बाहेरही, फक्त आत्याच्या तोंडात नाहीत. शेवटी आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस. नवी कवळी करून देतो म्हणाला, पण माप घ्या, साचा करा, लावून बघा, टोचते तिथे घासा, यात बरेच दिवस जाणार होते, आणि आत्यानं मान हलवून नकार दिला. जुन्या दातांना तिच्या तोंडाचा सराव आहे, नवे कोण कुठले. मग डॉक्टरांनी आपल्या एका बारीक आकड्यानं सांध्यात कोरून बघितलं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तशी डबीही उघडत नाही. आकड्याचं टोक मात्र मोडलं. मी त्यांना म्हटलं, द्या, घासून देतो. घासलं, आणि ते इतकं सुरेख हत्यार झालं की आता मी त्याला लाकडाची मूठ बसवून घेतली आहे. केसासारख्या रेघा येतात. डॉक्टरांना सांगून टाकलं आहे की त्यांच्या कामाला ते आता जरा जास्तच धारदार झालं आहे.

मग मी डबी उन्हात ठेवली. वाळली की सैल होईल, असा साधा हिशोब. पण ऊन लागलं ते बाहेरच्या झाकणाला, आणि आत पाणी तसंच. झाकण वाळून आवळलं, आतला भाग फुगलेलाच, आणि पकड आणखी घट्ट झाली. शिंपी म्हणाला की त्याचं झाड मुळातच हट्टी होतं. राहता राहिलं लेथ. डबी लेथवर चढवायची, फिरवायची, सांध्यावर अगदी नखभर लाकूड कातून काढायचं, की झाकण सुटेल. आत्यानं मोठ्या मुश्किलीनं परवानगी दिली. नखभर म्हणजे तिच्या नखाएवढंच, माझ्या नाही, हेही बजावलं.

दादा, फिरणारी वस्तू मधोमध तोललेली असावी लागते. एका बाजूला जड झाली की यंत्र हादरतं. हे मला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, हे इथे मुद्दाम कबूल करतो, कारण पुढे जे झालं ते सगळं ठाऊक असून झालं. डबी नीट तोललेली होती. आतले दात मात्र मोकळे होते. मोटर सुरू केली आणि दोन्ही कवळ्या एका बाजूला गेल्या. लेथ आधी थरथरलं, मग उडायला लागलं, आणि मग चालायला लागलं. त्याचे पाय पलंगाचे, जमिनीला बोल्ट मारायचे कधीपासून राहून गेलेले. पटाशी टेकवायची पट्टी खाली पडली, भिंतीवरची हत्यारं एकेक करून उतरली, आणि लेथ मधल्या वाटेनं दाराकडे निघालं. आतून दातांचा कडकडाट असा की मला क्षणभर वाटलं, आत्याच आतून मला बोलते आहे. खरी आत्या खुर्चीवर बसली होती. लेथ जवळ आलं तशी तिनं पाय वर घेतले, ते पुढे गेल्यावर खाली ठेवले. मी मोटरच्या मागे धावत होतो, पण बटण यंत्राबरोबर चाललेलं. शेवटी उंबऱ्याशी जाऊन वायर ताणली गेली, प्लग भिंतीतून निघाला आणि लेथ थांबलं. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई खांब कुठवर आले ते बघायला दारात उभ्या. त्यांनी दारापर्यंत चालत आलेल्या यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुन्हा येते म्हणून परत फिरल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण सरळ होतं आणि लेथ फारच नाचलं.

आता तू म्हणशील, करवत घे आणि काप, एवढं कसलं पुराण लावलं आहेस. हीही तेच म्हणाली. मी करवत घेतलीही. पण आत्यानं डबी माझ्या हातातून काढून घेऊन ओच्यात लपवली. नुसत्या हिरड्यांनी बोलत होती, तरी एकेक शब्द कळला. म्हणाली, "इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसले, गावाला वस्तू केल्यास. माझ्यासाठी केलेली ही पहिली. तिला कापायची नाही." दादा, मी आठवून आठवून बघितलं. तिच्या काठीची मूठसुद्धा विकतची आहे. करवत मी खिळ्याला अडकवली आणि त्यानंतर हातात घेतली नाही.

दातांवाचून तिचं कसं चाललं आहे, हे तू विचारशीलच. मऊ खाते, दुधात बुडवून खाते, आणि खाताना आमच्या ताटाकडे अशी बघते की आमच्या घशाखाली घास उतरत नाही. दात आहेत तर चणे नाहीत अशी गोष्ट ऐकली होती, इथे चणे डब्यात आहेत आणि दात डबीत. धंद्याचंही नुकसान आहे. गिऱ्हाईकांशी बोलायचं काम आजवर आत्याचं. मुख्याध्यापिकाबाई शेवटी खांब न्यायला आल्या आणि एक खांब दुसऱ्यासारखा तंतोतंत नाही म्हणून कुरकुरल्या. एरवी आत्यानं त्यांना खुर्चीत बसवून सांगितलं असतं की यंत्राच्या वस्तू जुळ्या असतात आणि हाताच्या वस्तू सख्ख्या असतात, चेहरा वेगळा, घर एकच. हे तिचं ठरलेलं वाक्य आहे आणि ते ऐकून गिऱ्हाईक खूश होऊन जातं. या वेळी ते मी सांगून बघितलं. बाई म्हणाल्या, मग सख्ख्यांतला हा जाड भाऊ बदलून द्या. मी बदलून दिला.

तेव्हा सांगायचा अर्थ असा, की अशा अवस्थेत तिला तुझ्याकडे कसं पाठवायचं? नवी इमारत, नवे शेजारी, लिफ्टमध्ये रोज नवी माणसं. आत्याचा तोरा तुला माहीत आहे. बोळक्या तोंडानं ती लिफ्टमध्ये पाऊल ठेवणार नाही. हसतील त्यांचे दात दिसतील, हे तिनं दुसऱ्यांना ऐकवायचं वाक्य, आता तिला कोण ऐकवणार. डबी कापायची नाही, नवे दात करायचे नाहीत, म्हणजे लाकूड आपणहून वाळण्याची वाट बघणं एवढंच हाती आहे. आणि लाकूड बोटभर जाडीला वर्ष घेतं. आमच्या डबीची भिंत तेवढी जाड नाही, पण झाकण, तळ आणि मधला सांधा धरला तर अगदी घाई करून सांगायचं झालं तरी वर्षभर सहज लागेल. त्यानंतर बघू. तुझ्या गाडीला आणि खोलीला तोवर काही होत नाही. भुशाची काळजी करू नकोस. मी भिंतीत एक पंखा उलटा बसवतो आहे, तो सगळी धूळ ओढून बाहेर फेकेल. (शिंप्याच्या दुकानात फेकतो आहे असं लक्षात आलं आहे, त्याचं तोंड आता दुसरीकडे करतो.)

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला विश्रांती द्या म्हणावं. मुलांना अनेक आशीर्वाद. रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्रानं रागव.

तुझा धाकटा

ता. क. — हे पत्र मी पाकिटात घालणार, एवढ्यात हिनं ते वाचलं. ती म्हणते, थोरल्या भावाला फसवता, लाज नाही वाटत? एक तर खरं लिहा, नाहीतर मी लिहिते. ती लिहिण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं. तर खरं असं, की डबी उघडली आहे. वर लिहिलेलं सगळं घडलं, लेथ चाललं हेही खरं, फक्त शेवट मी गाळला. ज्या दिवशी तुझं पत्र आलं त्याच दुपारी ती आपणहून उघडली. आत्यानं सहज झाकण ओढलं आणि पुक. आत्यानं दात धुतले, तोंडात बसवले, मुठीनं शेंगदाणे घेतले आणि मला म्हणाली, दादाचं पत्र वाचून दाखव. मी वाचलं. खोली, लिफ्ट, गॅलरी, हक्क, सगळं वाचलं. शेंगदाणे चावायचा आवाज मध्येच थांबला. मग तिनं दात काढले, डबीत ठेवले, माझ्याकडून चमचाभर पाणी मागून घेतलं, ते आत घातलं आणि झाकण दाबलं. मी बघत राहिलो. हिरड्यांनीच म्हणाली, "आता लिही त्याला."

आणखी ता. क. — ही म्हणते आता निम्मं खरं झालं, उरलेलंही लिहा. दादा, ती तुला नाही म्हणू शकत नाही. मला दिवसातून दहा वेळा नाही म्हणते, पण तू नोकरीसाठी लहान वयात लांब गेलास, तिच्याकडे कधी काही मागितलं नाहीस, आता पहिल्यांदा मागतो आहेस, त्याला नाही कसं म्हणायचं, हे तिचं दुखणं आहे. म्हणून डबीच्या आड लपली. तिला जायचं नाही, पण तुझं मन मोडायचं नाही. मलाही ती जायला नको आहे. तिच्यावाचून मी पटाशी धरीन, पण ती रडते आहे हे मला कोण सांगणार? म्हणून मागणं एवढंच. तूच तिला एका ओळीचं कार्ड टाक. "आत्या, तू आहेस तिथेच राहा, मीच सवड काढून तुझ्याकडे येऊन राहतो," असं. ते तुझ्याकडून आलं तरच ती खुर्चीत टेकेल. आणि खरोखर ये. माझ्या शेजारी बसायला दुसरी खुर्ची करून ठेवतो. शिंकलास तरी चालेल.

अगदी शेवटचं ता. क. — पत्र पोस्टात टाकायच्या आधी आत्यानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. सगळं ऐकलं, लेथच्या ठिकाणी हसली, आणि दुसऱ्या ता. क.ला डोळे पुसले. मग म्हणाली, असं लिहिलं तर त्याला किती लागेल, खोली करून ठेवली आहे बिचाऱ्यानं, जाते मी, माझी पिशवी भर. चमचाभर पाण्याला डबी आता सरावली आहे, ओढली की उघडते, तशी ती उघडून तिनं दात तोंडात बसवले. हिनं पिशवी भरली आहे. ती दाराशी आहे. आत्या आंघोळीला गेली तेव्हा दात बाकावर काढून ठेवले होते. ते मी डबीत ठेवले, चमचा नाही, पेलाभर पाणी ओतलं, आणि दोन्ही हातांनी झाकण दाबलं. या वेळी मात्र ते खरोखरच उघडत नाहीये.